ओट्यामागच्या भिंतीला दगड: 20 मिमी की 30?

अर्धवट_घर
ओटा ग्रॅनाइटचा ठरलाय, 30 मिमी. मागच्या भिंतीलाही टाइल न लावता तोच दगड उभा करायचा आहे, म्हणजे सांधे घासत बसायची कटकट नको. लांबी 3 मीटर, उंची 60 सेंमी. दगडवाला म्हणतो, रंग जुळायला हवा असेल तर भिंतीलाही 30चाच घ्या. मिस्त्री म्हणतो, 20च्या वरचा दगड मी भिंतीला लावतच नाही. दोघंही आपापल्या सोयीचं बोलतायत असा मला संशय आहे. जाड दगड जास्त टिकतो ना? भिंत विटांची, गिलावा झालाय, रंगाचा एक हातही मारलाय. स्विचचे चार बॉक्स बसलेत.

ओळंबा
जाड तेवढा टिकाऊ हे ओट्याच्या बाबतीत खरं. तिथे भांडी आपटतात, कुणीतरी वर चढून दिवा बदलतं, सिंकच्या कापापाशी दगड अधांतरी असतो. भिंतीचा दगड पाठ टेकून उभा. त्याच्यावर भार कसला? स्वतःच्या वजनाचा, बस.

आणि ते वजन कमी नसतं. ग्रॅनाइट 20 मिमी घेतला तर चौरस मीटरला साधारण 54 किलो, 30 घेतला तर 81. तुमची भिंत 1.8 चौरस मीटर, म्हणजे 97 किलो की 146 किलो एवढाच प्रश्न आहे. दोन तुकड्यांत केलं तरी 30चा एकेक तुकडा 73 किलोचा. तो ओट्यावरून उचलून, ओला गोंद लावलेल्या भिंतीला सरळ टेकवायचा. मिस्त्री नाही म्हणतो ते उगाच नाही.

विटांची भिंत वजन घेईल. जिप्सम बोर्डाची असती तर आधी बोर्डाची क्षमता बघा म्हटलं असतं. पण रंग मात्र खरवडून काढा. गोंद रंगाला चिकटतो आणि रंग भिंतीला सोडतो.

सहा_सूत
दगड कापण्यातच आयुष्य गेलं, म्हणून जरा लांबण लावतो. जाडी ठरवताना सगळे कडेकडे बघतात. मी स्विचच्या बॉक्सकडे बघतो.

तुमचे बॉक्स आत्ता गिलाव्याच्या पातळीला असणार. त्यावर 5 मिमी गोंद आणि 20 मिमी दगड आला की बॉक्स 25 मिमी आत गेला. प्लेटचा स्क्रू तिथवर पोचत नाही. मग वायरमन लांब स्क्रू घालून वेळ मारून नेतो आणि प्लेट कायमची डुगडुगते. 30च्या दगडाला हीच दरी 35 मिमी होते. दगडाची जाडी आधी ठरवा, बॉक्स सैल करून पुढे ओढून घ्या, तोंड दगडाच्या पातळीला आलं की मग पक्के करा. हे दगड लावायच्या आधीच होतं, नंतर नाही.

दुसरं, कापाचे कोपरे. स्विचच्या बॉक्ससाठी दगडात चौकोनी खिडकी कापताना ग्राइंडरची चकती कोपऱ्याच्या पुढे एक रेघ मारते. दिसायला केसाएवढी. एका कामात माझ्याच माणसाने अशी रेघ सोडली होती. दगड लावताना नीट होता, आणि काही आठवड्यांनी कोपऱ्यापासून वरच्या कडेपर्यंत तिरकी चीर. तेव्हापासून चारही कोपऱ्यांना आधी गोल भोक पाडायचं, मग भोकापासून भोकापर्यंत कापायचं. काप आणि दगडाची कड यांच्यात दोन बोटांची पट्टी उरत असेल तर बॉक्सच सरकवा, ती पट्टी वाहतुकीतच जाते.

माझं मत: 20. आमच्या भाषेत पाऊण इंच, सहा सूत.

खिडकीपाशी
नळ! कुणीच नळाचं बोललं नाही. ओटा 60 सेंमी खोल असेल तर 30चा दगड आणि गोंद मिळून साडेतीन सेंमी खातात. आमच्याकडे नळाचं भोक आधी पाडलं, दगड नंतर आला. नळाची दांडी मागे वळते ती दगडावर टक्क करून आपटते. गरम पाण्याची बाजू नेमकी तीच. पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक चिकटवून तेवढी जाडी करा, भिंतीला लावा आणि नळ त्या जागी धरून फिरवून बघा.

काळा_पाषाण
सगळे 20च्या मागे लागलेत म्हणून सांगतो, खिडकीच्या बाजूला जी उघडी कड दिसते ती 30ची असली की जो भारदस्तपणा येतो तो 20ला नाही. मी 30च लावलाय, पस्तावलो नाही.

सहा_सूत
@काळा_पाषाण कड जाड दिसायला अख्खा दगड जाड लागत नाही. कडेला 45 अंशात कापून पट्टी जोडली की 20चा दगड 40चा दिसतो. पण तुमचं काम उभं आहे आणि तुम्ही खूश आहात, तर वाद नाही.

बारीक_काम
20च्या खाली कुणी विचार करत असेल तर: 12 मिमीची भट्टीत भाजलेली स्लॅब भिंतीला उत्तम. नैसर्गिक दगड मात्र तेवढा पातळ केला की शिरेवर मोडतो, म्हणून मागे रेझिनची, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट रसायनाची, जाळी लावतात. त्या जाळीला सिमेंटचा गोंद नीट धरत नाही, इपॉक्सी लागतो. पांढरा संगमरवर असेल तर गोंदही पांढराच घ्या, करडा आतून डोकावतो. आणि क्वार्ट्झ (कारखान्यात बनवलेली स्लॅब) असेल तर बर्नरच्या अगदी मागे नको, त्यात रेझिन असतं, धग लागून पिवळं पडतं.

अर्धवट_घर
सगळ्यांचे आभार. पुठ्ठ्याचा प्रयोग केला. 35 मिमीला दांडी आपटते, 25ला कशीबशी सुटते. म्हणून 20 नक्की, आणि नळाचं भोकही बोटभर पुढे घेतेय. दगडवाल्याला खोदून विचारलं तर त्याच ब्लॉकचे 20चे दोन स्लॅब मागे उभे होते! ओले करून उन्हात ओट्याच्या दगडाशेजारी धरले, रंग जुळला.

एकच राहिलं. ओटा आणि उभा दगड यांच्यामधला सांधा ग्राउटने, म्हणजे टाइलच्या सांध्यात भरतात त्या सिमेंटच्या मिश्रणाने, भरायचा का?

ओळंबा
नाही. 2-3 मिमी फट ठेवा आणि सिलिकॉन भरा. ओटा थोडा तरी हलतो, खचतो, ग्राउट तडकून पाणी मागे मुरतं. सिलिकॉन दगडाच्या रंगाचा घ्या, आणि नैसर्गिक दगडाला चालणारा आहे का ते ट्यूबवर वाचून घ्या. साध्याने कडेला तेलकट डाग उमटतो तो पुसून जात नाही.