फ्यूजनच्या टेक्निशियन कोर्समध्ये आधी प्लाझ्मा की आधी हातकाम?

नटबोल्ट:
मंडळी, सल्ला हवाय. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये फ्यूजन (हलके अणू जोडून ऊर्जा काढायची) इंडस्ट्रीसाठी टेक्निशियन तयार करायचा कोर्स काढायचं चाललंय. मसुदा बघितला तर पहिले चार महिने नुसतं प्लाझ्मा (तापून आयन झालेला वायू) फिजिक्स, टोकामॅक (प्लाझ्मा चुंबकांनी धरून ठेवणारं मशीन) म्हणजे काय, १५ कोटी अंश तापमान, चुंबकी क्षेत्रात आयन कसे फिरतात वगैरे. मुलं डिप्लोमावाली आहेत. मला हे उलटं वाटतंय पण कमिटीत सगळे पीएचडीवाले, माझं कोण ऐकतंय! ज्यांनी अशा मशीनवर काम केलंय त्यांनी सांगा, पोरांना नक्की काय आलंच पाहिजे?

व्हॅक्यूमवाला:
कमिटीला ईटरचं, म्हणजे फ्रान्समध्ये बांधत असलेल्या मोठ्या टोकामॅकचं उदाहरण द्या. २०२२ च्या शेवटी तिथे थर्मल शील्डच्या (थंड चुंबकांना उष्णतेपासून वाचवणारं आवरण) कूलिंग पाइपांना भेगा सापडल्या, कारण काय तर पाइप वाकवून वेल्ड केल्यामुळे आलेला ताण आणि वेल्डजवळ राहून गेलेला क्लोरीनचा अंश. व्हॅक्यूम व्हेसलच्या (प्लाझ्मा ज्यात असतो ते निर्वात भांडं) सेक्टरांच्या कडाही मापात बसत नव्हत्या. म्हणजे प्लाझ्मा पेटायच्या आधीच काम अडलं ते वेल्डिंग आणि मापावर.

माझा विषय व्हॅक्यूम, म्हणून जरा जास्त बोलतो. हेलियम लीक टेस्टिंग पुस्तकातून येत नाही हो. बाहेरून हेलियम मारायचा आणि आत डिटेक्टर काय म्हणतो ते बघायचं, ऐकायला सोपं आहे, पण हेलियम हलका, वर जातो, म्हणून सुरुवात वरच्या जॉइंटपासून करायची, नाहीतर खाली मारलेला वरच्या फटीतून आत जातो आणि तुम्ही खालचा चांगला जॉइंट खोलत बसता. दुसरं म्हणजे व्हर्च्युअल लीक. डिटेक्टर गप्प आहे तरी प्रेशर उतरत नाही. बंद भोकात स्क्रू घट्ट बसवलाय, त्याच्या तळाशी अडकलेली हवा हळूहळू बाहेर येतेय, बाहेरून कितीही हेलियम मारा, काही दिसणार नाही. हे एकदा स्वतः शोधलं की पोरगं आयुष्यभर भोकवाला स्क्रू (अडकलेली हवा निघायला मधून भोक असलेला) विसरत नाही.

अर्धवटराव:
सगळं ठीक आहे पण नोकऱ्या आहेत का? इंग्लंडमधल्या जेट टोकामॅकने २०२३ मध्ये ६९ मेगाज्यूल ऊर्जा काढली, रेकॉर्ड, आणि त्याच डिसेंबरला मशीन बंद. ईटरचं संशोधन सुरू व्हायचं २०३४ ला ठरलंय. आज शिकलेलं पोरगं तोवर काय करणार?

व्हॅक्यूमवाला:
@अर्धवटराव म्हणून तर वेल्डिंग-व्हॅक्यूम-क्रायो (अतिथंड तापमानाचं काम) म्हणतोय. चिप फॅक्टरी, एमआरआय, अ‍ॅक्सलरेटर, सगळीकडे चालतं. प्लाझ्मा थिअरीवर टेक्निशियनला कोण घेणार?

लांबहात:
मी रिमोट हँडलिंगमध्ये, म्हणजे लांबून रोबोटने काम करण्यात आहे. थोडा विरोध करतो. थिअरी काढू नका, जागा बदला. ड्युटेरियम-ट्रिटियम (हायड्रोजनचे जड प्रकार, हेच फ्यूजनचं इंधन) जळलं की १४.१ एमईव्ही ऊर्जेचे न्यूट्रॉन निघतात, त्याने आतलं स्टील स्वतःच किरणोत्सारी होतं, मग आत माणूस जात नाही. जेटमध्ये १९९८ ला डायव्हर्टरचे (तळाशी उष्णता आणि राख झेलणारा भाग) तुकडे असेच रोबोटच्या हाताने बदलले होते. हे ज्याला कळलं त्याला कळतं की आत विसरलेला एक वॉशर म्हणजे काय प्रकरण आहे. नुसतं "टूल मोजून ठेवा" सांगितलं तर दोन महिन्यांत कंटाळा करतात.

आणि ट्रिटियम वेगळा शिकवा. तो किरणोत्सारी आहे, पण त्याचा बीटा किरण कातडीतूनही जात नाही, म्हणून पोरं हलक्यात घेतात, पण पाण्याच्या रूपात श्वासातून शरीरात गेला की घोळ. कॅनडातल्या हेवी वॉटर रिअ‍ॅक्टरवाल्यांना याचा अनुभव दांडगा आहे, तिकडचा रिटायर झालेला कोणी शिकवायला मिळाला तर सोडू नका. ही माणसं गेली की त्यांच्या हातातलं कसब कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडत नाही.

नटबोल्ट:
लांबहात, हे जागा बदलायचं पटलं. म्हणजे आधी लीक शोधायला लावायचं, वेल्ड कापून बघायचं, आणि न्यूट्रॉन, ट्रिटियम त्या-त्या कामाच्या वेळी. कमिटीलाही "फिजिक्स काढलं" असं वाटणार नाही 😄 बजेट मात्र रडकं आहे, लीक डिटेक्टर सेकंडहँड घेतला तर चालेल का?

व्हॅक्यूमवाला:
चालेल, फक्त पंप बघून घ्या. पण त्याबरोबरचा कॅलिब्रेटेड लीक (डिटेक्टर तपासायला ठरावीक दराने हेलियम सोडणारी डबी) जुना आला तर त्यावर विसंबू नका, आतला हेलियम वर्षांगणिक कमी होतो आणि लेबलवरचा आकडा खोटा पडतो. तो परत कॅलिब्रेट करून घ्या नाहीतर नवा घ्या. आणि एक चेंबर मुद्दाम बिघडवून ठेवा, बंद भोकाचा स्क्रू टाकून. पोरांना सांगू नका.