जांघेतला नायटा तिसऱ्यांदा उलटला, खात्रीचं मलम सांगा

बांधावरचा:
लवकर सांगा. मलम लावलं की आठ दिवसांत साफ, बंद केलं की पंधरवड्यात परत, अन् आधीपेक्षा मोठा. आता कंबरेपर्यंत आलाय. सोयाबीनची फवारणी चालू हाय, पाठीवर पंप, घामानं चड्डी भिजलेली. चारचौघांत खाजवता येत नाही. दवाखान्याला टाइम नाही.

काळीमाती:
तरोट्याचं बी ताकात वाटून लावा. आमच्या आज्याचा त्यानंच गेला.

औंढावाला:
कोणतं मलम लावायलात ते तर सांगा!

बांधावरचा:
मेडिकलवाल्यानं दिलेलं. ट्यूब पिळून पिळून नाव गेलं. घडी उलगडली तर बारीक अक्षरात क्लोबेटासोल हाय.

गोळी_पुडी:
तिथंच घोळ हाय. ते स्टेरॉइड. खाज दबते, बुरशी मात्र पसरत राहते. एवढा पसरल्यावर नुसत्या मलमानं भागत नाही. टर्बिनाफिनच्या गोळ्या आता बऱ्याच जणांना लागू पडेनात, म्हणून इट्राकोनाझोल देतात. पण ती लिव्हर अन् चालू औषधं बघून, मनानं नाही. चामडीच्या डॉक्टरला दाखवाच. अन् चट्टा गेला म्हणून लगेच औषध सोडू नका, ते सांगतील तोवर घ्या.

काळीमाती:
आमचा आज्या गोळ्या न खाता बरा झाला.

गोळी_पुडी:
आज्याच्या वक्ताला असली मलमं नव्हती, दादा.

दुष्काळी_लातूर:
बॅटरीचा पंप घ्या, हात दुखत नाहीत.

औंढावाला:
पंपाचं कोण विचारलं? घरात अजून कोणाला हाय का? करदोडा घालता का?

बांधावरचा:
मंडळीला पाठीवर, बारक्याला मांडीवर. ते वेगळं असंल म्हणून लिहिलं नाही. टॉवेल एकच. करदोडा काळा, लग्नातला.

गोळी_पुडी:
मग तिघांनी एकदमच औषध घ्या. टॉवेल वेगळे. कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून उन्हात घाला.

दुष्काळी_लातूर:
गरम म्हणे! २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तवा प्यायला मोजून होतं.

गोळी_पुडी:
यंदा पाणी हाय ना? मग धुवा.

बांधावरचा:
करदोडा काढला. गाठीखाली रुपयाएवढा ओला चट्टा निघाला. आई म्हणते, जित्या माणसाचा करदोडा काढत्यात का? सकाळपासून बोलंना. उद्या तिघं परभणीला जायलोत.

काळीमाती:
येताना ताक घेऊन या.