वादळात टिकेल असं छप्पर: मंगलोरी कौलं की कौलाच्या डिझाईनचा पत्रा?

सुपारीबाग: दापोलीकडे समुद्राला लागून आमचं जुनं घर आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात पश्चिमेकडच्या पाख्याची, म्हणजे छपराच्या त्या उतरत्या बाजूची, शे-दीडशे कौलं गेली. आता वासे बदलायला काढलेत तर भाऊ म्हणतो यूपीव्हीसीचे, म्हणजे कडक प्लास्टिकचे, कौलासारखे दिसणारे पत्रे टाकू, हलके असतात, गंजत नाहीत. माझं म्हणणं कौलंच पाहिजेत. पडक्या गोठ्याची कौलं काढून आम्ही चार दिवसांत घर झाकलं, आणि ज्यांचे पत्रे गेले त्यांची अख्खी खोली उघडी, नवा पत्रा मिळेपर्यंत ताडपत्रीखाली पाऊस काढला त्यांनी.

गुहागरवाला: अहो पण कौलं चढवायला माणूस कुठे आहे? आईबाबा दोघंच गावात, आम्ही डोंबिवलीला. वादळ कधीतरी येतं, वानर रोज येतात, टोळी एकदा पाख्यावरून गेली की दहा कौलं फुटलीच. २०१९ ला बाबा सत्तरीत शिडी लावून एकटे शाकारणी करत होते ते कळल्यावर मी त्याच वर्षी पत्रा टाकला. निसर्ग झालं, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते झालं, एक स्क्रू ढिला झाला नाही.

सुपारीबाग: वानरांचं खरंय, मान्य. पण कौलांच्या फटीतून वारा निघून जातो म्हणून पाखं एकदम उचललं जात नाही, पत्र्याला ती सोयच नाही.

गुहागरवाला: त्याच फटीतून झडीचा पाऊस पण आत येतो ना, माजघरात तपेली लावून झोपलोय आम्ही.

वासेरीप: सुतारकाम करतो म्हणून सांगतो, दोघं मालावरून भांडताय, छप्पर उडतं ते बांधणीमुळे. वारा वरून जाताना छप्पर वर ओढतो, जास्त जोर पागोळीची कड, कोपरे आणि आढ्याजवळ. मंगलोरी कौलाला तार ओवायला भोक असतं, निदान कडेच्या दोन-तीन ओळी तरी तांब्याच्या तारेने रिपांना, म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्ट्यांना, बांधा, साधी तार खाऱ्या हवेत टिकत नाही. यूपीव्हीसी उन्हात वाढतं, भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं पाडलं नाही तर पत्रा तिथेच तडकतो. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या.

सुपारीबाग: तार बांधतोच या मे महिन्यात. भावासाठी पडवीवर पत्रा टाकला तर?

वासेरीप: पडवी समुद्राकडे उघडी असेल तर नको, तिथे वारा खालून पण शिरतो आणि सगळ्यात आधी तीच जाते. टाकायचाच तर मागच्या न्हाणीवर टाका.