मदत हवी आहे: रस्त्यात उभ्या ट्रॉलीला धडकून भाऊ जखमी, साठ हजारांत मिटवायला सांगतात

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहिते आहे. दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझा धाकटा भाऊ (वय २६) रात्री तालुक्याहून गाडीवर घरी येत होता. मागं गावातलीच दोन पोरं, म्हणजे ट्रिपल सीट. वळणापुढं कापसानं भरलेली ट्रॉली अर्ध्या रस्त्यात उभी होती, चाक पंक्चर झालं होतं म्हणे. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, साधी फांदीसुद्धा आडवी टाकलेली नाही. समोरच्या गाडीचा फोकस डोळ्यावर आला आणि भाऊ सरळ ट्रॉलीवर गेला. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला. डोक्याला टाके पडले. हेल्मेट होतं, पण हाताला अडकवलेलं. ते मी लपवत नाही. मागच्या एका पोराचा हात मोडला.

तो सेंट्रिंगच्या कामावर जायचा. आता वर्षभर वजन उचलायचं नाही. अडीच लाखांच्या वर खर्च झाला, बाबांनी बैलजोडी विकली.

ट्रॅक्टर गावातल्याच माणसाचा आहे. पंचनामा झाला, पण गुन्हा नोंदवलाच नाही. "गावातलं गावात मिटवा, काहून कोर्टाच्या पायऱ्या चढता?" असं सगळेच म्हणतात. ट्रॅक्टरवाले काका साठ हजार देतो म्हणतात, त्या बदल्यात 'आमची काही तक्रार नाही' असं पाचशेच्या स्टँपवर लिहून मागतात. वर ट्रिपल सीट होते म्हणून चूक तुमचीच, हेही ऐकवतात. बाबा सही करायला निघालेत. पाचवा महिना लागला आहे. काय करू?

प्रतिसाद १

ताई, आधी बाबांना थांबवा. त्या कागदावर सही नको.

मी वकिलांकडे मोटार अपघाताच्या दाव्यांचं काम बघतो. तुमच्याकडे वेळ थोडा आहे. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अपघातापासून ६ महिन्यांत दावा दाखल करावा लागतो. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तो करता येतो, म्हणजे यवतमाळला.

गुन्ह्यासाठी ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. नाहीच घेतली तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा. त्यांनीही काही केलं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पंचनाम्याची नक्कल, दवाखान्याची एमएलसी (अपघाताच्या जखमांची पोलिसांसाठी केलेली नोंद), डिस्चार्ज कार्ड, औषधांची प्रत्येक पावती आणि भावाच्या मजुरीचा काही पुरावा (ठेकेदाराची वही चालेल) आत्ताच गोळा करा.

ट्रिपल सीटचं म्हणाल तर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका प्रकरणात सांगितलं आहे की नियम मोडला एवढ्यावरून भरपाई कापता येत नाही. त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं. पण डोक्याला लागलं आहे, तेव्हा हेल्मेटचा मुद्दा समोरचे काढतीलच. वकिलांना आधीच खरं सांगून ठेवा. उलट बाजूनं बघा, रस्त्यात धोका होईल अशी गाडी उभी ठेवायची नाही असं कलम १२२ सांगतं. तुमचा खरा मुद्दा तोच. हात मोडलेल्या पोराचाही वेगळा दावा होतो, त्याच्या घरी सांगा.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. उत्पन्न मर्यादेत असेल तर वकील फुकट मिळतो.

प्रतिसाद २

माझा स्वतःचा ट्रॅक्टर आहे, म्हणून सांगतो. त्या काकांना वाटत असेल की दावा झाला तर वावर विकावं लागेल. त्या तारखेला थर्ड पार्टी विमा चालू असेल तर एरवी भरपाई कंपनी देते. कंपनी ट्रॉलीवरून वाद घालते, तेव्हा ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींचे कागद बघा. विमाच नसेल तर मात्र मालकावर येतं, आणि मग हे साठ हजार का देताहेत तेही कळेल. बाबांसोबत त्यांच्या घरी जा आणि भांडण न करता आधी पॉलिसी मागा. आमच्याकडे जिनिंगला जाणाऱ्या कितीतरी ट्रॉल्यांना मागं काहीच नसतं. पूर्वी माझ्याही नव्हतं, हे लिहिताना लाज वाटते.

धागाकर्ती

दोघांचेही आभार, दादा. बाबांना दोन्ही उत्तरं वाचून दाखवली. सही थांबली आहे. काकांकडे गेलो होतो. पॉलिसी त्यांच्या पोराच्या मोबाइलमध्ये निघाली, मुदत मार्चपर्यंत आहे, पण ट्रॉलीचा उल्लेख मला त्यात सापडत नाही. तेवढ्यानं अडेल का? सोमवारी यवतमाळला जातो आहोत, त्याआधी कुणी सांगितलं तर बरं होईल.