दिवाळी फराळाच्या ऑर्डरी घरून: किती घ्यायच्या आणि कुठे थांबायचं?

पिठीसाखर

डोंबिवलीतला वन बीएचके, एक शेगडी, एक मोठी कढई. मुलं शाळेत असतात तेव्हा साडेनऊ ते अडीच एवढाच हाताशी वेळ. यंदा आत्तापर्यंत विचारणा झाली आहे ती अशी: चकली २० किलो, बेसन लाडू १६, पातळ पोह्यांचा चिवडा १६, शंकरपाळे १०, सुक्या खोबऱ्याच्या करंज्या ८. एकूण ७० किलो. वसुबारसेच्या आदल्या दिवशीपर्यंत सगळं पोचवायचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री अकरालाही "ताई, अर्धा किलो वाढवाल का" असे मेसेज येतात. त्यात मुलांची सहामाही नेमकी त्याच आठवड्यात. ७० किलो एका माणसाला झेपतात का? नसतील तर काय कापायचं? घरात रात्रीचं जेवण वेळेवर व्हावं आणि रविवार मोकळा राहावा, एवढीच अपेक्षा आहे.

हिशेबनीस

किलोत मोजू नका, तासांत मोजा. अडतं ते तिथेच. चिवड्याचा एक किलो आणि करंजीचा एक किलो यांत चौपट मेहनतीचा फरक आहे, आणि ऑर्डर घेताना दोन्ही सारखेच वाटतात.

एकट्या माणसाचा, एका कढईचा साधारण हिशेब:

चकली: मध्यम आकाराच्या किलोला ५५ बसतात. कढईत एका वेळी सात, एका घाण्याला सहा मिनिटं. म्हणजे आठ घाणे, ५० मिनिटं नुसतं तळण. पीठ भिजवणं आणि सोऱ्या भरणं धरून किलोला सव्वा तास. पीठ एकदम तीन किलो भिजवून वेळ वाचवायला जाऊ नका. भिजवलेलं पीठ तासभर पडून राहिलं की चकल्या तेल पितात आणि रंग लवकर चढतो. एका वेळी अर्धा-पाऊण किलो. कढईत सातच्या जागी दहा घातल्या तर तेल थंड पडतं, चकली मऊ राहते आणि घाणा दहा मिनिटं चालतो. वाचलं काहीच नाही.

शंकरपाळे: लाटणं, कापणं, मंद आचेवर तळणं मिळून किलोला एक तास.

करंजी: किलोला दोन तास, तेही हात बसलेला असेल तर.

बेसन लाडू: २ किलो बेसन, १ किलो तूप, दीड किलो पिठीसाखर, म्हणजे साडेचार किलो लाडू. भाजायला तास-सव्वा तास, वळायला पाऊण तास. किलोला अर्ध्या तासाच्या आतच काम होतं, पण अर्धा तास धरा.

चिवडा: किलोला अर्धा तास.

आता तुमची यादी: २५ + ८ + ८ + १० + १६ = ६७ तास. अर्ध्या किलोची १४० पाकिटं भरणं, वजन करणं, सील करणं, लेबल लावणं याला पाकिटामागे ३ मिनिटं, म्हणजे आणखी ७. एकूण ७४.

तुमच्याकडे दिवसाला पाच तास आहेत, पण तेल तापणं, भांडी, दाराची बेल, किराणा यात एक जातो. चारच धरा. ताजा माल द्यायचा म्हणून तळणाला शेवटचे बारा कामाचे दिवस मिळतात. बारा चोक अठ्ठेचाळीस. ७४ आणि ४८ मधले २६ तास कुठून येतील? रात्रीच्या झोपेतून. दुसरीकडून येत नाहीत.

करंजी काढली की १६ तास सुटले. पाकिटांना तासावर बाई ठेवली की ७ सुटले. चकली २० ची १८ केली की अडीच. जवळपास बसलं गणित.

सोऱ्या

हिशेब चोख, पण करंजी सरसकट काढायला माझा विरोध आहे. दिवाळीच्या डब्यात करंजी नसली की गिऱ्हाईक चकलीसुद्धा दुसरीकडून घेतं. किलोवर विकू नका, नगावर विका. दहा करंज्यांचं पाकीट, ज्यांची बाकीची ऑर्डर दोन किलोच्या वर आहे त्यांनाच. ८ किलोच्या जागी ३ किलोवर येईल आणि नाराजी होणार नाही. ते ६ तास चकलीला सोऱ्या दाबून द्यायला मदतनीस घेऊन काढा. एकजण पाडतो, एकजण तळतो, मग चकलीचा किलो सव्वा तासाऐवजी पन्नास मिनिटांत होतो. १८ किलोवर साडेसात तास वाचले.

बारा दिवसांच्या आधी करून ठेवण्यासारखं पुष्कळ असतं. भाजणी महिनाभर आधी दळून आणा (४ वाट्या तांदूळ, २ हरभरा डाळ, १ उडीद डाळ, अर्धी मूगडाळ, धणे-जिरे, धान्य वेगवेगळं भाजायचं, एकत्र नाही, कारण उडीद आधी करपतो). चिवड्याचा मसाला, लेबलं, पाकिटं, सुकं खोबरं किसून भाजणं हे सगळं नवरात्रात उरकतं. लेबलवर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी नोंदणी क्रमांक, घटक, वजन, केल्याची तारीख आणि कधीपर्यंत खायचं ते छापा. हाताने लिहीत बसलात तर पाकिटाला तीनची पाच मिनिटं होतात.

क्रम असा: आधी शंकरपाळे आणि बेसन लाडू, मग चकली, मग करंजी, शेवटी चिवडा. चिवडा सर्वांत लवकर सादळतो. पाऊस लांबलेला असेल तर पोहे उन्हावर विसंबून ठेवू नका, कढईत मंद आचेवर कुरकुरीत करा. कुठलाही पदार्थ कोमट असताना पाकिटात भरला की आत वाफ धरते आणि चार दिवसांत तक्रार येते. आज तळलेलं उद्या सकाळी भरायचं. याचा दुसरा फायदा असा की अडीच वाजता पॅकिंगचं काम शिल्लक राहत नाही आणि ओटा मोकळा होतो.

रात्री_नऊनंतर_बंद

अकराच्या मेसेजबद्दल. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वेगळ्या नंबरवर घ्या. त्यात कामाची वेळ घालता येते आणि त्या वेळेबाहेर आपोआप उत्तर जातं. मजकूर मोघम नको. "उत्तर लवकरच देऊ" म्हटलं की माणूस पुन्हा मेसेज करतो. "ऑर्डरींना उत्तर रोज सकाळी ९ ते ९.३० या वेळेत. कोजागरीनंतर नवी ऑर्डर किंवा वाढ घेतली जाणार नाही." एवढं पुरे. त्याच अ‍ॅपमध्ये चॅटला लावायची लेबलं तीन: विचारणा, पैसे आले, दिलं. निम्मे पैसे आगाऊ आल्याशिवाय कोणी दुसऱ्या लेबलात जात नाही. तुमच्या ७० किलोतले खरे किती, ते त्या दिवशी कळेल. नुसती विचारणा ऑर्डर म्हणून धरणं हीच बहुतेकांची अडचण असते.

डिलिव्हरीही ठरावीक वेळेला. सोमवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी ५ ते ७, येऊन घेऊन जायचं. "येता-जाता घेईन" म्हणणारे जेवणाच्या वेळीच येतात.

सहामाहीचं: त्या आठवड्यात तळण ठेवूच नका. वेळापत्रक शाळेकडून पंधरा दिवस आधी मिळतं, ते दिवस लाडू वळायला द्या. लाडू वळताना बसून पाढे विचारता येतात, उकळत्या तेलापाशी ते जमत नाही आणि करूही नये. शेगडीपाशी मुलं येणार असतील तर कढई मागच्या बर्नरवर.

घरच्या जेवणाचं: तळणाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आतच कुकर लावून भाजी-आमटी उरकून ठेवा. दुपारी तीननंतर त्याच ओट्यापाशी परत उभं राहायची इच्छा कोणालाच होत नाही. पोळ्या बारा दिवस बाहेरून. १० पोळ्यांचे पैसे खर्चात धरून दर लावा, त्यात संकोच कसला?

आणखी एक, गॅस. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर फक्त घरच्या स्वयंपाकासाठी असतो. धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. फ्लॅटमध्ये तो ठेवण्याआधी सोसायटी आणि एजन्सीशी बोला.

पिठीसाखर

करंजी नगावर, हे पटलं. दोन शंका. चार जणांना परदेशी पाठवायचं आहे, त्याचे दिवस कसे धरू? आणि लाडू घाईत वळले की ताटात बसतात, चपटे होतात. ते कसं टाळायचं?

हिशेबनीस

परदेशी पार्सल वसुबारसेच्या तीन आठवडे आधी घराबाहेर पडलं पाहिजे. म्हणजे तुमच्या बारा दिवसांत ते येतच नाही. त्याचा वेगळा घाणा आधी काढा आणि त्यात लाडू, शंकरपाळे, चकली एवढंच ठेवा. चिवडा शक्यतो टाळा: कुरिअरवाले बहुतेक वेळा खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि हे वजन प्रत्यक्ष वजनाहून जास्त आलं तर त्याचेच पैसे लावतात. ४० × ३० × ३० चं खोकं म्हणजे ७.२ किलो, आत चिवडा चारच किलो असला तरी. गिऱ्हाइकाला हे आधी सांगा, नाहीतर तुमच्याशीच वाद घालेल.

सोऱ्या

लाडू बसतात कारण बेसन गरम असताना साखर पडते. साखर विरघळते, मिश्रण सैल होतं आणि वळलेला गोळा स्वतःच्या वजनाने खाली येतो. तूप जास्त झालं तरी तेच. भाजलेलं बेसन परातीत पसरून दोन तास ठेवा, हाताला जेमतेम कोमट लागलं की मगच साखर. हे दोन तास वरच्या हिशेबात धरलेले नाहीत, कारण तेव्हा हात रिकामे असतात. म्हणून लाडूचं भाजणं साडेनऊला पहिलं लावायचं आणि ते निवेपर्यंत आदल्या दिवशीचे शंकरपाळे भरायचे. साखर घातल्यावर मिश्रण सैल वाटलंच तर त्यात कोरडं पीठ घालू नका, कच्चट लागतं. परात अर्धा तास फ्रिजमध्ये, मग पुन्हा मळून वळा.