काही लेख वर्षानुवर्षं वाचले जातात, काही दोन दिवसांत संपतात. असं का?

खलबत्ता
मी पाककृती लिहिते. उकडीच्या मोदकांवरचा माझा जुना लेख श्रावण लागला की आपोआप उठून बसतो. आजोळच्या गणपतीवर मात्र जीव ओतून लिहिलं होतं. मैत्रिणींनी दोन दिवस व्हॉट्सॲपवर फिरवलं, नंतर कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. माझं मत सरळ आहे. वाचणाऱ्याच्या मनात आधीच असलेल्या प्रश्नाला उत्तर देणारा लेख चालतो. सकाळी नैवेद्याची घाई, पारी चिरतेय, अशा वेळी बाई पिठाच्या हाताने फोनवर 'पारी का चिरते' एवढंच विचारते. पीठ जुनं आहे, उकड कोरडी झाली किंवा गरम असताना नीट मळली नाही, हे मी पहिल्याच परिच्छेदात सांगितलंय. आजोळचा गणपती कोण शोधतंय? शैलीबिली नंतर.

शंकेखोर
असहमत. पारी चिरण्याची हीच कारणं सांगणारे ढिगाने लेख आहेत. मग तुमचाच वर का? नशीब, दुसरं काय! सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांचा २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेला प्रयोग बघा. १४ हजारांवर लोक, अनोळखी बँडांची ४८ गाणी. काहींना कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं हे दिसतच नव्हतं. बाकीच्यांचे आठ गट केले आणि प्रत्येकाला फक्त आपल्या गटाचे आकडे दाखवले. गट बदलला की वरची गाणीही बदलली! अगदी उत्तम गाणं सहसा तळाला गेलं नाही, अगदी टाकाऊ सहसा वर आलं नाही. मधल्यांचं मात्र काहीही झालं. आपण बहुतेक जण मधलेच. (हलकेच घ्या.)

खलबत्ता
गाणं माणूस दुसऱ्याचं बघून ऐकतो. उकड बिघडलेली बाई कुणाचे आकडे बघत बसत नाही.

शंकेखोर
ती नाही बघत, गूगल बघतं. ज्या लेखाला आधी चार जणांनी दुवे दिले तो वर चढतो, आणि वर आहे म्हणून त्याला आणखी दुवे मिळतात. पहिले चार कुणी दिले, हा योगायोगच ना?

हिशेबनीस
दोघांनीही आधी मोजमाप नीट करा. 'गेल्या सप्टेंबरपेक्षा वाचक घटले' अशी रड दर वर्षी ऐकतो. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. मोदकांचा लेख महिन्यांनी मोजाल तर फसाल. चतुर्थीपासून मागे दिवस मोजा.

दुसरं, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटवाल्यांसाठीच्या आकडेवारीच्या साधनात, लेख शोधात किती वेळा दिसला आणि किती वेळा उघडला गेला हे वेगवेगळं मिळतं. दिसतो पण कुणी उघडत नाही, तर बहुधा शीर्षकात खोट आहे. दिसतच नाही, तर विषयाला मागणी नाही किंवा पुढे गर्दी फार. 'आठवणींचा सुगंध' या नावाखाली पुरणपोळी आहे हे माणसाला कळत नाही, यंत्राला काय कळणार? आणि सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांचीच माहिती राहते, तेव्हा दर वर्षी उतरवून ठेवा.

वरणभात
एवढा खटाटोप कशाला? 'तळणीचे मोदक हे मोदकच नव्हेत' असं लिहा आणि कोकण विरुद्ध देश लावून द्या. राग पसरतो. बर्गर आणि मिल्कमन या संशोधकांनी न्यूयॉर्क टाइम्सचे सुमारे सात हजार लेख तपासून २०१२ मध्ये हेच मांडलं. थक्क करणारं, संताप आणणारं, काळजीत टाकणारं लोक जास्त पाठवतात. नुसतं उदास करणारं कमी.

खलबत्ता
भांडायला आलेला पुन्हा मोदक करायला येत नाही हो. शिवाय माझं सासर विदर्भातलं, घरात राहायचंय मला.

जुनी वही
ताई, आजोळचा लेख चालला नाही हे कुणी ठरवलं? आमच्या घरच्या ग्रुपवर तो आख्खा मजकूर चिकटवलेला आला, दुवा नाही, तुमचं नावही नाही. खाली चक्क एका थोर दिवंगत लेखकाचं नाव होतं. मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. यातलं एक तरी वाचन तुमच्या हिशेबात आलं का? मोदकांच्या लेखाचा दुवा पाठवतात, कारण प्रमाण बघायला परत यावं लागतं. ललित लेख मात्र लोक उचलून नेतात. दोन्हींना एकच तराजू लावता, मग एक हलका भरणारच.

हिशेबनीस
मुद्दा मान्य, पण जे मोजता येत नाही त्यावरून पुढचं काय ठरवायचं? 'कुठेतरी वाचत असतील' हे समाधान झालं.

जुनी वही
पुढचं काय लिहायचं हे आकड्यांनीच ठरवायचं, हे कधी ठरलं?

खलबत्ता
आजोळच्या लेखाचं शीर्षक बदलणार नाही. मात्र मोदकांच्या लेखाच्या तळाशी आजोळच्या लेखाचा दुवा देतेय.

शंकेखोर
पारी चिरलेली असताना कोण आजोळ वाचणार? विसर्जनानंतर आकडे टाका इथे.