खेळता खेळता जुळलेली माणसं: तुमचे अनुभव लिहा

खण आवरताना परवा व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा हाती लागला. साठ-सत्तर तरी असतील. चेहरा आठवतोय का म्हणून एकेक पाहत गेले, तर जेमतेम चार आठवले. उलट तीन वर्षांपूर्वी 'कॅटान'च्या पटावर मला वीट द्यायला साफ नकार देणारी बाई आज धंद्यात माझी भागीदार आहे. (कॅटान हा १९९५ सालचा जर्मन खेळ. फाशांवर पडेल तो माल मिळतो, बाकीचा इतरांशी घासाघीस करून मिळवायचा.) "दिली तर तू जिंकशील, म्हणून नाही देणार," म्हणाली. इतका स्वच्छ नकार मला धंद्यात तोवर कुणी दिला नव्हता! ओळखी वाढवायच्या कार्यक्रमांना जाणं मी तेव्हापासून सोडलंय.

तुमची अशी नाती जुळली आहेत का? फसलेले प्रयोगही येऊ द्या, ते वाचायला जास्त मजा येते.

*

आमचा खेळ 'हनाबी'. यात आपले पत्ते आपल्याला दिसत नाहीत, बाकीच्यांना दिसतात. सगळ्यांनी मिळून एकच डाव जिंकायचा आणि इशाऱ्यांच्या सोंगट्या फक्त आठ. आमच्यातला सगळ्यात बोलका गडी पहिल्या तीन इशाऱ्यांतच भलतं काहीतरी सांगून मोकळा झाला. कोपऱ्यातली एक बाई मात्र कुणाला काय सांगून झालंय, हे सगळं डोक्यात ठेवून होती. तिने एकच इशारा दिला आणि डाव सावरला. पुढे हिशेब तपासायला नेटकं माणूस हवं होतं, तेव्हा मी तिलाच फोन केला. ती कुठे, काय हुद्द्यावर आहे, हेसुद्धा तोवर विचारलं नव्हतं. "तुम्हाला माझं काम माहीत आहे का?" असं तिनेच विचारलं. मी म्हटलं, काम नाही, पण तुम्ही काय काय लक्षात ठेवता ते पाहिलंय.

*

फसलेला प्रयोग माझा. नव्या लोकांना बोलावून 'माफिया' मांडला. १९८०च्या दशकात मॉस्को विद्यापीठात जन्मलेला, आपल्यातले लपलेले खुनी ओळखायचा हा खेळ, आणि नियम असा की खेळातल्या रात्री ज्याचा खून होतो तो बाद. पहिल्याच रात्री नेमका सगळ्यात बुजरा मुलगा 'मेला'. पाऊण तास भिंतीला टेकून फोन बघत बसला, पुन्हा कधी आला नाही. चूक सर्वस्वी माझी. ज्याला बोलतं करायचं, त्यालाच मी गप्प बसवलं. आता नवीन माणूस असेल तर त्याला सूत्रधार करतो, नाहीतर 'वन नाइट अल्टिमेट वेअरवुल्फ' काढतो. त्याच जातीचा, पण दहा मिनिटांचा डाव, मध्येच कुणी बाद होत नाही.

*

मी विरोधी पक्षात. कचेरीत शुक्रवारी दुपारी सक्तीने 'दोन खरं, एक खोटं' खेळवतात. (स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, त्यातली खोटी बाकीच्यांनी ओळखायची.) एका सहकारी बाईंचं 'खोटं' खरं निघालं आणि ते त्यांना सांगायचं नव्हतं. सगळे हसले, त्या हसल्या नाहीत. खेळायला नको म्हणायची मुभा नसेल, तर तो खेळ कसला?

*

वरच्या मुद्द्याला दुजोरा. २०१८ साली जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकांनी मैत्रीला किती वेळ लागतो, हे मोजायचा प्रयत्न केला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, घट्ट मैत्रीला २००च्या वर. पण कामातले तास तितके उपयोगी पडत नाहीत, एकत्र रमण्यातले पडतात. आम्ही आठवड्याला तीन तास बसतो, म्हणजे सतरा आठवडे! आमच्याकडे साधारण पाचव्या महिन्यात लोक एकमेकांना 'अरे-तुरे' करू लागले, त्यामुळे हिशेब बरोबर वाटतो.

*

आमच्यातला एकजण डाव संपत आला की पिशवीतून विम्याची पत्रकं काढायचा. दोनदा झालं. तिसऱ्यांदा बोलावलं नाही.

*

'कोडनेम्स'चा किस्सा. एका शब्दाच्या इशाऱ्यावरून पंचवीसमधले आपले शब्द ओळखायचे. आम्ही शब्द मराठीत चिठ्ठ्यांवर लिहिले होते. जोडीला सत्तरीच्या एक आजी. इशारा: "घंटा, तीन." मी 'शाळा' आणि 'सायकल' उचलले, तिसरा सापडेना. डाव हरलो. तिसरा होता 'बोट'. "बोट कसं काय?" मी विचारलं. आजी म्हणाल्या, "मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते रे. घंटा वाजली की आधी बोटच हलायचं." मग त्या रात्री तासभर त्या बोलत होत्या, आम्ही सहा जण पट न आवरता ऐकत होतो. आता दर गुरुवारी त्यांना घरून आणायची पाळी माझी असते. चिठ्ठ्यांमध्ये 'टेलिफोन' त्यांनी स्वतःच लिहून घातलाय.